रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

रविवारची सुटी कोणीं मिळवून दिली, असें वर्गांत विचारलें तर बहुतेक विद्यार्थी सरकारचें नांव घेतात. शाळा-कचेऱ्यांपुरतें तें उत्तर चालेल. मुंबईच्या गिरणीकामगारांस मात्र ती सुटी मिळाली, ती गिरणीच्या कोठारावर काम केलेल्या एका गृहस्थाच्या खटपटीनें.

नारायणरावांचा जन्म १८४८ सालीं ठाणें येथें झाला. आरंभीं रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणींत स्टोअरकीपर झाले. जोतीराव फुल्यांचे ते अनुयायी. १८८० सालीं त्यांनीं 'दीनबंधु' पत्राचें संपादकत्व पतकरलें.

त्या काळीं गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम चाले, म्हणजे उन्हाळ्यांत तेरा-चौदा तास! पगाराची गोष्ट तर याहून कठीण. एका महिन्याची मजुरी हातीं पडण्यास दुसरा महिना सरून जाई. तोंवर चूल पेटावी कशी? वाण्याची उधारी आणि सावकाराचें व्याज ठरलेलेंच. नोटिस न देतां काम सोडावें, तर अडकलेली मजुरी बुडे. सबब दुसऱ्या गिरणींत चार आणे अधिक मिळत असले, तरी गरिबाचा पाय जागचा हालत नसे. मजुरी कमी कां, याचें एक उत्तर या उशिरांतच होतें, असें मला वाटतें.

१८८१ चा फॅक्टरी कायदा मुलांपुरताच होता: सात वर्षांखालील मुलांस मनाई, आणि बारा वर्षांखालील मुलांस नऊ तास काम. थोरांविषयीं त्यांत वेळेची मर्यादा नव्हती. म्हणून १८८४ च्या सप्टेंबरांत नारायणरावांनीं परळास कामगारांची सभा भरविली आणि सुमारें ५,५०० जणांच्या वतीनें अर्ज केला. रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसावा, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत पगार, आणि अपघात झाल्यास बरें होईपर्यंत वेतन, एवढ्याच त्या मागण्या. रविवार हा खंडोबाचा वार, असेंही ते मालकांस सांगत, अशी आठवण आहे.

असल्या कायद्यांमागें मँचेस्टरच्या मालकांचा स्वार्थ आहे, असा तेव्हां पुष्कळ देशी पुढाऱ्यांचा आक्षेप असे. तो खोटा नव्हता. पण मँचेस्टरचा स्वार्थ असला म्हणून परळच्या मजुराचा थकवा खोटा ठरत नाहीं, हें ओळखणारे थोडे. त्यांत नारायणराव होते.

२४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून रोजीं मालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षीं आठवड्याची सुटी कायद्यांत आली, व स्त्रियांस अकरा आणि मुलांस सात तासांची मर्यादा पडली. पुरुषांच्या तासांस मर्यादा घालण्यास १९११ साल उजाडावें लागलें.

१८९७ सालीं मुंबईंत प्लेगनें कहर केला, तेव्हां नारायणराव शहर न सोडतां रोग्यांच्या शुश्रूषेंत राहिले. त्याच रोगानें ९ फेब्रुवारी रोजीं त्यांचें देहावसान झालें. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला. ठरल्या मुदतींत पगार देण्याचा १९३६ सालीं, परळच्या त्या सभेनंतर बावन्न वर्षांनीं.