'अँटन' नव्हे, आंतोनिन!

मंडळी, अमेरिकेत आल्यावर आपल्या नावांचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. धनंजयचा 'डीजे' होतो, सुमेधाची 'सू' होते. कॉफीच्या कपावर काय लिहून येईल, याचा तर नेमच नाही. कुठे वाद घालायचा, म्हणून आपण हसून सोडून देतो. म्हणूनच की काय, आपल्या नावासाठी प्रकाशकाशी वर्षानुवर्षं पत्रांतून भांडलेल्या एका संगीतकाराची गोष्ट मला फार जवळची वाटते.

हे संगीतकार म्हणजे आंतोनिन ड्वोर्झाक. त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८४१ रोजी प्रागजवळच्या नेलाहोझेवेस गावात झाला. वडील खाटीक, शिवाय गावात खानावळ चालवायचे. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. दरबारात आणि मोठ्या लोकांत जर्मन भाषेचा मान, आणि चेक म्हणजे घरची, शेतातली भाषा. ड्वोर्झाक प्रागच्या नाटकगृहातल्या वाद्यवृंदात कित्येक वर्षं व्हायोला वाजवत होते. गरीब कलावंतांसाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीला त्यांनी अर्ज केला. तिच्या परीक्षकांमध्ये ब्राम्स होते. या माणसाचं पाणी त्यांनी ओळखलं आणि बर्लिनचे प्रकाशक सिमरॉक यांच्याकडे शब्द टाकला. १८७८ मध्ये 'स्लाव्हॉनिक डान्सेस' छापून आले आणि ड्वोर्झाक यांचं नाव युरोपभर झालं. पण त्यांच्या हातात पडले फक्त ३०० मार्क. कमाई झाली ती प्रकाशकाची.

इथून त्यांचा पत्रव्यवहार रंगतदार होतो. सिमरॉकना मुखपृष्ठावर जर्मन धाटणीचं 'अँटन' हवं होतं. ड्वोर्झाक म्हणायचे, माझं नाव आंतोनिन आहे. रचनांची नावं जर्मनबरोबर चेकमध्येही छापा, असाही त्यांचा आग्रह होता. १८८५ मध्ये सातव्या सिम्फनीसाठी सिमरॉकनी ३,००० मार्क देऊ केले. यांनी ६,००० मागितले आणि मिळवले! त्याच वर्षी त्यांनी कळवलं, की कलावंतालाही मायदेश असतो, आणि ज्यांच्यापाशी कला आहे ते देश कितीही छोटे असले तरी पुसले जात नाहीत. शेवटी तडजोड निघाली ती नुसत्या 'आंत.' या संक्षेपाची. जर्मन वाचकाने 'अँटन' वाचावं, चेक वाचकाने आंतोनिन. तडजोड गमतीची आहे खरी, पण 'अँटन' त्यांनी मान्य केलं नाही, हे महत्त्वाचं.

आता अमेरिकेकडे येऊ. प्राग कॉन्झर्व्हेटरीत प्राध्यापक असतानाच त्यांना न्यूयॉर्कहून बोलावणं आलं. जेनेट थर्बर या बाईंनी नॅशनल कॉन्झर्व्हेटरी सुरू केली होती. मुली आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी यांनाही तिथे दार उघडं होतं. पगार वर्षाला १५,००० डॉलर, म्हणजे प्रागच्या पगाराच्या कितीतरी पट. सप्टेंबर १८९२ मध्ये ड्वोर्झाक बायको आणि दोन मुलांसह न्यूयॉर्कला उतरले. चार मुलं मागे राहिली होती. पगाराचा मोठा आकडा आणि मागे ठेवलेली माणसं, हे गणित आपल्यापैकी किती जणांनी मांडलंय!

थर्बरबाईंची अपेक्षा होती, की या गुरुजींनी अमेरिकेला तिचं स्वतःचं संगीत घडवायला शिकवावं. ड्वोर्झाक यांनी शिष्यांना युरोपची नक्कल करायला सांगितलं नाही. हॅरी बर्ली हा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्यांना आपल्या लोकांची भक्तिगीतं म्हणून दाखवायचा. १८९३ मध्ये ड्वोर्झाक यांनी वर्तमानपत्रातून जाहीरच केलं, की अमेरिकेच्या संगीताचा पाया याच गाण्यांमध्ये आहे. बॉस्टनच्या मान्यवरांनी नाकं मुरडली. पण आपली बोली आणि आपलं गाणं कमी लेखलं जातं म्हणजे काय, हे प्रागच्या या माणसाला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात उरलेली मुलं आली आणि सगळं कुटुंब आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या छोट्या गावी राहायला गेलं. सकाळी ओढ्याकाठी फिरणं, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं, आपल्या भाषेत गप्पा. जूनमध्येच 'अमेरिकन' चतुष्टक लिहून झालं. १६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये 'न्यू वर्ल्ड सिम्फनी' झाली. टाळ्या थांबेनात, तेव्हा बॉक्समध्ये उभं राहून राजासारखं अभिवादन करावं लागलं, असं त्यांनी सिमरॉकनाच पत्रातून कळवलं. भांडण तोवर मिटलं होतं. त्यांच्या नव्या रचनांची मुद्रितं तिकडे तपासत होते खुद्द ब्राम्स!

पण १८९३ च्या मंदीत थर्बर कुटुंबाला फटका बसला आणि पगार रखडू लागला. १८९४ मध्ये वडील गेले. न्यूयॉर्कमध्ये चेलो कॉन्चेर्तो लिहीत असताना मेहुणी योसेफिना आजारी असल्याचं कळलं. तारुण्यात त्यांचं तिच्यावर प्रेम होतं. तिच्या आवडत्या गाण्याची चाल त्यांनी त्या रचनेत गुंफली. एप्रिल १८९५ मध्ये ते कायमचे परतले, आणि मे महिन्यात ती गेली. त्यांनी रचनेचा शेवट बदलला, आणि यात कुणीही ढवळाढवळ करायची नाही, असं सिमरॉकना पत्रातून बजावलं. नावाचा हट्ट धरणारा हाच तो माणूस.

१ मे १९०४ रोजी प्रागमध्ये त्यांचं निधन झालं.

ते परत जाऊ शकले. बर्लीला परत जायला दुसरा देश नव्हता. त्याचं घर हेच. त्याने आजोबांकडून ऐकलेली ती गाणी स्वरबद्ध करून मैफलीच्या मंचावर नेली, आणि मॅनहॅटनच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये तो पन्नासहून अधिक वर्षं गायला. मला वाटतं, ड्वोर्झाक यांची खरी शिकवण अशांसाठीच होती. आपल्या मुलांचंही घर इथेच आहे. ती परत जाणार नाहीत, आणि त्यांनी जावं असा हट्टही नको. पण आजीची ओवी आणि स्वतःचं पूर्ण नाव त्यांच्यापाशी असेल, तर इथल्या संगीतात ती आपलं काही घालू शकतील. तेव्हा शाळेत बाई नाव चुकीचं उच्चारतील, त्या दिवशी मुलांना सांगा, की नीट म्हणून दाखव. एकदा नाही जमलं, तर दोनदा.