वेल, भुंगा आणि बालगंधर्व

मैत्रिणींनो, माझं माहेर जळगावचं, सासर धुळ्याचं. लग्न ठरलं तेव्हा घरातल्या मोठ्या बायका एकच सांगायच्या, वेलीला झाडाचा आधार हवाच. मला ते पटायचं नाही, पण उलट काय बोलावं तेही सुचायचं नाही. उत्तर सापडलं ते फार उशिरा, बालगंधर्वांविषयी वाचताना.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८चा. लहानपणी काही काळ ते आपल्या जळगावात होते आणि इथेच मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकले. शहरातल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत ते पहिल्यांदा उभे राहिले ते शकुंतला म्हणून. वय अवघं सतरा!

म्हणून मी कालिदासाचं मूळ नाटक उघडलं. त्यात शकुंतला आंब्याला बिलगलेल्या वेलीकडे बघत राहते अन् प्रियंवदा लगेच ताडते, हिलाही असाच शोभेसा जोडीदार हवाय. पण त्या वेलीने आंबा स्वतः निवडलेला असतो, अगदी स्वयंवर करून. म्हणजे गोष्ट आधाराची नाहीच, निवडीची आहे!

पुढे हंसपदिका गाण्यातून भुंग्याला टोमणा मारते, कमळ मिळालं अन् आंब्याचा मोहोर विसरलास. राजाला तो बरोबर कळतो. पण तिची समजूत काढायला विदूषकाला धाडून तो मोकळा होतो. नंतर तो शकुंतलेलाही ओळखत नाही. तिथे दुर्वासांचा शाप होता, मान्य. पण हंसपदिकेला विसरायला कुठे शाप लागला होता?

बायकांची ही मनं बालगंधर्वांनी पुढे कित्येक वर्षं रंगमंचावर उभी केली. त्यांच्यासारखं नेसायची, सजायची बायकांना हौस वाटे. १२ मार्च १९११ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता अन् त्याच दिवशी त्यांची तान्ही लेक गेली. तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. लोक त्यांच्या धैर्याचं कौतुक करतात. मला मात्र घरी असलेल्या लक्ष्मीबाई आठवतात, त्या लेकीची आई.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. वैभव आलं, कर्जही झालं. १९६४ला पद्मभूषण मिळालं अन् १५ जुलै १९६७ला ते गेले.

परवा माझ्या लेकीला कुणीतरी वेलीची तीच गोष्ट सांगत होतं. मी म्हटलं, सांगा, पण पुरती सांगा. आंबा कुणी निवडला, तेही सांगा.