उरुळीच्या गोठ्यातून गावोगावी पोचलेले मणिभाई देसाई

गाय माजावर आली की आज शेतकरी फोन लावतो आणि रेतन करणारा माणूस नायट्रोजनचं भांडं घेऊन गोठ्यात हजर होतो. ही सोय खेड्यापाड्यांत पोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते म्हणजे मणिभाई देसाई.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी शेतकरी घरात झाला. शिक्षण विज्ञानाचं, पण १९४२ च्या चळवळीत त्यांनी उडी घेतली. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनला आले. तिथल्या निसर्गोपचार आश्रमाची जबाबदारी त्यांनी पंचविशीतल्या मणिभाईंवर टाकली. आयुष्य याच गावात घालवायचं, हा शब्द मणिभाईंनी दिला आणि शेवटपर्यंत पाळला.

आश्रमात रोगी बरे होत होते, पण गावातली गरिबी तशीच होती. मणिभाईंनी शेती आणि गोपालन हाती घेतलं. गीर गायींचा कळप जोपासला. चारा, निवड आणि नोंदी नीट ठेवल्या तर आपलीच गाय किती दूध देते, हे त्यांनी दाखवून दिलं.

पण लहान शेतकऱ्याला जातिवंत वळू पाळणं कुठून परवडणार? १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था उभी केली. जर्सी, होल्स्टीन जातींचं गोठवलेलं वीर्य वापरून गावठी गायींचा संकर सुरू झाला. वीर्यकांडी उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायची आणि गाय दवाखान्यात न नेता सेवा थेट दारात द्यायची, अशी ही पद्धत.

गांधीजींचा माणूस परदेशी जातीशी संकर करतो, हे अनेकांना पटणारं नव्हतं. देशी वंशाचं काय होणार, हा प्रश्न रास्तच होता आणि आजही आहे. दुसऱ्या बाजूला, दूध न देणारी गाय गरिबाच्या दावणीला फार दिवस टिकत नाही, हेही खरं होतं. संकरित कालवड लवकर गाभण राहते, दूध जास्त देते. पण तिला हिरवा चारा, सावली, भरपूर पाणी आणि वेळेवर लसी लागतात. ऊन आणि गोचीड तिला देशी गायीइतकं सोसत नाही. म्हणूनच बाएफने चाऱ्यासाठी सुबाभळीसारख्या झाडांचाही प्रसार केला.

या कामाचं मर्म आजही तेच आहे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी. तारीख वहीत लिहावी. माज चुकला की तीन आठवड्यांचा चारा फुकट जातो. वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा, कारण पुढची गाय तिथंच घडते.

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तरी मणिभाईंचा मुक्काम उरुळीतच राहिला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांनी लावलेली दारात सेवा देण्याची पद्धत मात्र आजही गोठ्यागोठ्यांत चालू आहे.