विश्लेषण : गांधीजींना चरखा सापडला कसा?

महात्मा गांधी (१८६९-१९४८) म्हटले की चरखा डोळ्यांसमोर येतो. मात्र १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून कायमचे भारतात परतले, तोपर्यंत गांधीजींनी चरखा प्रत्यक्ष पाहिलेलाच नव्हता. पुढे तो शोधण्यातच काही वर्षे गेली. आणि चरखा हाती आल्यावर कळले, की अडचण निव्वळ चरख्याची नव्हती.

चरख्याची गरज का भासली?

हातमाग आणि चरखा हा देशाच्या दारिद्र्यावरील उपाय आहे, असे गांधीजींचे मत दक्षिण आफ्रिकेत असतानाच बनले होते. अहमदाबादला आश्रम सुरू झाल्यावर तिथे हातमाग आणले गेले. पण विणायचे कसे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. पालनपूरहून जाणकार बोलावला गेला. गांधीजींचे पुतणे मगनलाल यांनी ती कला आत्मसात केली आणि इतरांना शिकवली.

मग दुसरा पेच उभा राहिला. माग हाताचा असला तरी सूत गिरणीचे होते. बारीक सूत तर परदेशातून येई. देशी सुतावर काम करायला तयार असलेले विणकर मोजकेच होते, तेही विणलेले सगळे कापड आश्रमाने विकत घ्यावे या अटीवर. गिरण्यांवरील हे अवलंबन सोडवायचे तर सूत हाताने कातायला हवे होते. पण चरखाही मिळेना आणि सूत कातून दाखवणारेही कुणी मिळेना.

शोध कुणी लावला?

१९१७ मध्ये भडोच येथील शिक्षण परिषदेत गांधीजींची गंगाबेन मजमुदार यांच्याशी भेट झाली. धाडसी स्वभावाच्या या विधवा बाई घोड्यावरून एकट्या फिरत आणि अस्पृश्यता मानत नसत. चरखा शोधण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. बरीच भटकंती केल्यावर तो त्यांना तत्कालीन बडोदा संस्थानातील, गुजरातमधील विजापूर येथे सापडला. तिथे अनेक घरांत चरखे होते. पण निरुपयोगी म्हणून ते माळ्यावर टाकलेले होते.

चरखा मिळाला, मग अडले कुठे?

लोक पुन्हा सूत कातायला तयार झाले. मात्र त्यांच्या दोन अटी होत्या : पेळू नियमित मिळावेत आणि कातलेले सूत कुणीतरी विकत घ्यावे. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळलेली लांबट गुंडाळी. ती हातात धरूनच सूत काढले जाते. मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पाठवायला सुरुवात केली. सूत इतके येऊ लागले, की त्याचे करायचे काय, हा प्रश्न पडला.

गांधीजींना मात्र चैन पडेना. पेळू गिरणीचे घ्यायचे तर सूत तरी गिरणीचे का नको? म्हणून गंगाबेन यांनी महिना ३५ रुपये किंवा त्याहून अधिक देऊन पिंजारी ठेवला आणि तरुणांना पेळू वळायला शिकवले. कापसासाठी गांधीजींनी मुंबईत शब्द टाकला. मगनलाल यांनी चरख्यात सुधारणा केल्या. चरखे आणि त्यांचे सुटे भाग आश्रमातच तयार होऊ लागले.

मुंबईत काय घडले?

याच काळात आजारपणामुळे गांधीजी मुंबईत होते. तिथेही शोध सुरूच राहिला. सूत कातणारे दोघे मिळाले, पण २८ तोळ्यांच्या शेराला एक रुपया मागू लागले. हा दर विजापूरच्या तुलनेत फार होता, त्यामुळे त्यांचे काम थांबवावे लागले. तोवर अवंतिकाबाई गोखले यांच्यासह काही स्त्रिया त्यांच्याकडून सूत कातायला शिकल्या होत्या. पेळू मिळाले ते मात्र दारावरून जाणाऱ्या, गाद्यांचा कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याकडून. त्यानेही भाव चढाच लावला.

खादीचे धोतर कधी मिळाले?

आश्रमातील पहिल्या खादीचा खर्च वाराला १७ आणे, म्हणजे रुपयाहून जास्त आला. तिचा पन्हा जेमतेम ३० इंच होता. ४५ इंच पन्ह्याचे धोतर महिनाभरात मिळाले नाही, तर आखूड, जाडेभरडे नेसेन, असे गांधीजींनी गंगाबेन यांना कळवले. मुदतीच्या आतच धोतरजोडी आली. पुढे काठियावाडातील लाठीहून रामजी आणि गंगाबेन हे विणकर दाम्पत्य आश्रमात आले आणि तिथेच धोतरे विणली जाऊ लागली.

पुढे काय झाले?

१९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. १९२९ मध्ये अधिक सूत देणाऱ्या, खेड्यातील घरात चालेल आणि दुरुस्त करता येईल अशा चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी, ही त्यातील एक अट. हे बक्षीस कुणालाच मिळाले नाही. प्रवासात नेता येणाऱ्या पेटी चरख्याला ‘येरवडा चक्र’ हे नाव मिळाले, ते गांधीजींच्या पुण्यातील तुरुंगवासामुळे.

या शोधातून काय दिसते?

चरखा नष्ट झालेला नव्हता, माळ्यावर धूळ खात होता. तुटली होती ती त्याच्याभोवतीची साखळी : कापूस देणारा, पिंजणारा, पेळू वळणारा आणि सूत विकत घेणारा. ती कडी कडी करून पुन्हा जोडली गेली, तेव्हाच चरखा फिरला. बंद पडलेली कोणतीही हस्तकला पुन्हा उभी करायची झाली, तर अवजाराआधी ही माणसे शोधावी लागतात.