पक्ष्यांचा अभ्यास आणि पैशाचा प्रश्न

डॉ. सलीम अली यांचे स्मरण आपल्याकडे बहुधा पक्ष्यांच्या वेडाने झपाटलेला एक तपस्वी या स्वरूपात केले जाते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. ज्या माणसाने पन्नास वर्षांहून अधिक काळ भारताची राने, माळ आणि पाणथळी पालथ्या घातल्या, त्याला बहुतेक प्रत्येक मोहिमेसाठी कोणाकडून तरी पैसा उभा करावा लागला होता. तंबू, गाड्या, नोकरचाकर, टपाल आणि छपाई यांचा खर्च कोणीतरी सोसल्याखेरीज एकाही पक्ष्याची शास्त्रशुद्ध नोंद होत नाही. संस्थानिक, व्यापारी, जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेचे सैन्य आणि भारत सरकार अशा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दात्यांनी हा खर्च वेळोवेळी उचलला. तो पैसा कोणत्या अटींवर आला आणि किती काळ टिकला, यावर त्या त्या संशोधनाचे बरेवाईट ठरत गेले. वन्यजीव वाचवायचे तर त्यांच्याविषयीचे ज्ञान हवे आणि ज्ञान हवे तर त्याची किंमत मोजायला हवी. हे सूत्र सोपे वाटते. त्यातील पेच मात्र सलीम अलींच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच अन्यत्र दिसतील.

पदवी नाही, पदही नाही

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईतील एका सुलेमानी बोहरा कुटुंबात सलीम अलींचा जन्म झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आईवडील दोघांचेही छत्र हरपले आणि खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि कुतूहलापोटी हा मुलगा ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सोसायटीचे सचिव मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, आणि संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी दाखवून त्याच्यापुढे एक नवे जग उघडले. ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातील अर्थकारण मात्र दुर्लक्षिले जाते. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सरकारी खाते नव्हती. हौशी सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर ती चालत होती. एका शाळकरी मुलासाठी तिचे दार उघडे राहिले ते अशा वर्गणीमुळेच.

पुढे ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाण व लाकूड व्यवसायात घालवलेली वर्षे, मुंबईत परतल्यावर दावर महाविद्यालयात घेतलेले व्यापारी कायदा व हिशेबाचे शिक्षण आणि त्याच जोडीने सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या हाताखाली केलेला प्राणिशास्त्राचा अभ्यास, असा त्यांचा मार्ग वळणावळणाचा होता. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेची दारे बंद राहिली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. पण एवढ्यावर समाधान न मानता ते रजा घेऊन बर्लिनला गेले आणि प्रोफेसर स्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षिशास्त्राची आधुनिक दृष्टी घेऊन १९३० मध्ये परतले. तोवर पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. देशातील बहुधा सर्वाधिक तयारीचा पक्षिशास्त्रज्ञ अशा रीतीने बेकार झाला.

पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहावयास गेले. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. मराठीत या पक्ष्याला नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर. मादी अर्धवट विणलेली घरटी पाहून त्यांतून निवड करते, आणि तिने संसार मांडला की नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे सलीम अलींनी रोजच्या निरीक्षणातून सिद्ध केले. त्यांची कीर्ती या संशोधनापासून सुरू झाली. त्यासाठी कोणाचेही अनुदान नव्हते.

त्यागावर उभे राहिलेले संशोधन

नोकरी मिळत नाही असे दिसल्यावर सलीम अलींनी एक असाधारण तोड काढली. ज्या संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती त्यांनी केवळ मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च द्यावा. स्वतःच्या श्रमाचा मोबदला आपण घेणार नाही, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यातून हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांच्या पाहण्या झाल्या. गोळा केलेल्या नमुन्यांचे वर्गीकरण इंग्लंडमध्ये ह्यू व्हिसलर करीत आणि निष्कर्ष सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध होत. संस्थानाचा पैसा, सोसायटीची व्यवस्था, परदेशातील तज्ज्ञाची मदत आणि एका माणसाचे विनावेतन श्रम अशी ही सहकारी मांडणी होती.

या मांडणीचे कौतुक करताना तिची उणीव झाकता कामा नये. संशोधन स्वस्त झाले ते संशोधकाने आपली मजुरी सोडली म्हणून. ज्याच्या पाठीशी आप्तांचा आधार आहे आणि ज्याची पत्नी शहरातील सुखसोयी सोडून तंबूत राहावयास तयार आहे, त्यालाच हे परवडू शकते. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले, आणि या कामाचा तो न दिसणारा आधारही गेला. देशाचे पक्षिशास्त्र अशा वैयक्तिक त्यागावर उभे राहावे हे त्या माणसाला भूषणावह असले तरी समाजाला नाही.

१९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तकाने हा विषय सामान्य वाचकाच्या घरात नेला. कच्छच्या महारावांच्या आश्रयाने तेथील पक्ष्यांवरचे पुस्तक १९४५ मध्ये निघाले. सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक आणि निष्णात पक्षी छायाचित्रकार लोक वान थो यांची मैत्री आणि उदार मदत लाभली. १९६४ च्या विमान अपघातात त्यांचा अंत होईपर्यंत ती टिकली. परंतु संस्थाने गेली, इंग्रज सभासद मायदेशी परतले आणि खुद्द सोसायटीचे अस्तित्वच धोक्यात आले. त्या वेळी सलीम अलींनी पंडित नेहरूंकडे धाव घेतली आणि सरकारी साहाय्याने संस्था तगली.

परकीय पैसा आणि संशय

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि माणसांनाही तापाची लागण झाली. महाराष्ट्र-गोव्याच्या सीमेवर अलीकडे ज्याला माकडताप म्हणतात तो हाच रोग. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधलेल्या त्याच्या विषाणूचे रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी जवळचे नाते निघाले. उत्तरेकडून येणारे स्थलांतरित पक्षी गोचिडांमार्फत हा रोग आणतात काय, असा प्रश्न उभा राहिला. पक्षी नेमके कोठून येतात हे जाणण्यासाठी त्यांच्या पायांत क्रमांकित कडी अडकवण्याची मोहीम सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर १९५९ मध्ये सुरू केली. ज्या कामासाठी सलीम अलींना एरवी कोणी पैसा दिला नसता, ते रोगाच्या भीतीमुळे शक्य झाले.

तो पैसा आटल्यावर १९६० च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या एका रोगसर्वेक्षण योजनेचा पैसा आला. गुजरातेत वा राजस्थानात कडी घातलेले पक्षी सोव्हिएत प्रदेशात सापडत आणि तेथून कडी मुंबईला परत येत. शीतयुद्धाच्या काळात या उड्डाणमार्गांना दोन्ही महासत्तांच्या सीमा अडवू शकल्या नाहीत. संशयाला मात्र त्यांनी वाट करून दिली. पक्ष्यांद्वारे रोगजंतू पसरविता येतील काय याची चाचपणी या निमित्ताने होत असावी, अशी शंका व्यक्त झाली. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ च्या अहवालात परदेशी साहाय्यावर चाललेल्या संशोधन प्रकल्पांची कडक झडती घेतली, त्यांत हाही प्रकल्प होता. सलीम अलींनी आरोप साफ फेटाळले आणि ते त्यांच्या मनाला फार लागले. त्यांचा हेतू निर्मळ होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि दात्याचा हेतू कोणता, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना होता, हेही मान्य केले पाहिजे. आपल्या देशात अशा अभ्यासासाठी स्वतःचा पैसा असता तर एका वृद्ध शास्त्रज्ञावर असा खुलासा करण्याची पाळीच आली नसती.

गव्हाच्या पैशातून पाणथळीचा अभ्यास

त्यानंतरचा अध्याय अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटावा असा आहे. पी. एल. ४८० या कायद्याखाली अमेरिकेचा गहू भारतात आला, त्याची किंमत रुपयांत चुकविली गेली आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर भारतातच साचत राहिले. १९७४ मध्ये त्यांतील मोठी रक्कम भारताला देऊन टाकण्यात आली, तरी काही शिल्लक उरली. १९७३ च्या अमेरिकन संकटग्रस्त जीव कायद्याने असे परदेशी चलन त्या त्या देशातील वन्यजीवांच्या रक्षणासाठी वापरण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्यामार्फत हा पैसा १९८० पासून सोसायटीला मिळू लागला. स्थलांतराचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. सोलापूरजवळच्या नान्नजसह माळढोकाच्या अधिवासांचे संशोधन हाती घेतले गेले. आणि भरतपूरच्या केवलादेव पाणथळीचा दहा वर्षांचा परिस्थितिकीय अभ्यास सुरू झाला. त्याची धुरा ऐंशी ओलांडलेल्या सलीम अलींनी वाहिली.

भरतपूर हे एकेकाळी संस्थानिकांचे शिकारक्षेत्र होते. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ती जमीन नांगराखाली घालण्याची मागणी होऊ लागली, तेव्हा ती पाणथळ राखली जावी यासाठी सलीम अलींनी दिल्लीपर्यंत आपले वजन खर्च केले. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तेथे गुरे चारण्यास बंदी आली. या बंदीला सलीम अलींचाही पाठिंबा होता. पिढ्यानपिढ्या तेथे म्हशी नेणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली.

दहा वर्षांच्या नोंदींतून १९९१ मध्ये निघालेला निष्कर्ष मात्र बंदीच्या विरुद्ध गेला. म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातील गवत बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले आणि ज्यांच्यासाठी बंदी घातली त्या अनेक पाणपक्ष्यांनाच त्याचा जाच झाला. हा अहवाल पाहावयास सलीम अली हयात नव्हते. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले होते. परंतु आपल्याच मताला खोडून काढण्याइतके स्वतंत्र संशोधन त्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले, हे त्यांच्या कोणत्याही पदकापेक्षा मोठे आहे. अभ्यास दोन वर्षांत गुंडाळला असता तर हे सत्य हाती लागले नसते. आणि तो बंदीच्या आधी पुरा झाला असता तर कदाचित गोळीबारही टळला असता. संशोधनावर वेळीच खर्च न करण्याची किंमत कोणालातरी मोजावीच लागते, आणि ती बहुधा दुर्बलांनाच मोजावी लागते.

याच अभ्यासाचे आणखी एक फळ कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. १९८० च्या दशकात भरतपूरच्या गिधाडांची आणि त्यांच्या घरट्यांची मोजदाद झाली होती. त्या वेळी गिधाडे इतकी विपुल होती की ही मोजणी कोणालाही निरर्थक वाटली असती. १९९० च्या दशकाअखेर नव्याने गणना झाली तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक घट दिसून आली. जुने आकडे नसते तर या घटीचे माप सांगणे अशक्य होते. पुढे पाकिस्तानातील संशोधनाने गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याचे कारण असल्याचे दाखविले, भारतीय व ब्रिटिश संस्थांच्या एकत्रित कामाने त्याला पुष्टी दिली, आणि २००६ मध्ये भारताने पशुवैद्यकीय वापरासाठी त्या औषधावर बंदी घातली. मुंबईची सोसायटी, परदेशी पक्षिसंस्था, ब्रिटिश सरकारचा निधी आणि हरियाणाचे वनखाते यांच्या सहकार्याने पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्रही उभे राहिले.

ज्ञान मिळाले म्हणजे जीव वाचलाच, असे नव्हे. माळढोकाचा अभ्यास झाला तरी त्याचे माळ राखले गेले नाहीत. आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. भरतपूरला येणारे सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर आलेच नाहीत. संशोधनाचा पैसा आणि अधिवास राखण्याचा पैसा या दोन्हींची तरतूद हवी. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

सलीम अलींना हे कळले होते असे त्यांच्या एका कृतीवरून म्हणता येते. १९७६ मध्ये त्यांना वन्यजीव रक्षणासाठीचा पन्नास हजार डॉलर्सचा गेटी पुरस्कार मिळाला. ती रक्कम त्यांनी सोसायटीला दिली आणि तिच्यातून निसर्गरक्षणाचा कायम निधी निर्माण झाला. दरवर्षी नव्या दात्याचे उंबरठे झिजविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने पुढच्या पिढीसाठी व्याज देणारी ठेव मागे ठेवली. वन्यजीवांचे ज्ञान ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिचा लाभ सर्वांना होतो आणि म्हणूनच तिची किंमत द्यायला बाजारात कोणी पुढे येत नाही. ती किंमत समाजाने आपल्या तिजोरीतून, उघड अटींवर आणि दीर्घ मुदतीसाठी दिली पाहिजे. परदेशी सहकार्य अवश्य घ्यावे, परंतु ते बरोबरीच्या नात्याने. आणि बरोबरीच्या नात्याची पहिली अट, आपला वाटा आपण उचलणे, ही आहे.