विलासराव साळुंखे : पाण्याचा वाटा माणसागणिक

विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते व उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील शेतकरी दुष्काळी कामांवर राबताना त्यांनी पाहिले. नायगावला देवस्थानची माळजमीन कराराने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती केली, शिवारातले पाणी शिवारात अडवले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटले गेले: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा मिळाला. उसाला बंदी होती. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थी भरत. वाटपाचे निर्णय गटच घेई. पोटासाठी शहरात गेलेली कुटुंबे गावी परतली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. पाऊस बेभरवशाचा झाला असताना गावाचा पाणी आराखडा करताना त्यांचा नियम जरूर तपासावा.