सलीम अलींची वही

प्रयोगवहीत साहित्य आणि कृती तुम्ही नीट लिहिता. निरीक्षण, म्हणजे आपला उर्दूतला मुशाहिदा, आले की मात्र पुस्तकातले वाक्य उतरवून मोकळे होता! नऊदहा वर्षांच्या एका मुलाने आपले निरीक्षण कसे लिहिले, ते पाहा.

हा मुलगा म्हणजे थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले आणि छऱ्याची बंदूकही दिली.

चेंबूरला तबेल्यातल्या एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसे, नर बाहेर खिळ्यावर पहारा देई. सलीमने नर मारला. थोड्याच वेळात दुसरा नर खिळ्यावर हजर! सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले. (तुम्ही हे करू नका.) पण त्याने वहीत काय लिहिले? कोठे लपलो, काय केले, किती दिवसांत किती नर आले, एवढेच. जो अंदाज होता, तो अंदाज म्हणूनच लिहिला. सुमारे साठ वर्षांनी ती नोंद जवळजवळ जशीच्या तशी छापली गेली.

१९३० साली ते जर्मनीत शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची नोकरी गेली होती. विद्यापीठाची पदवीही नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहू लागले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर कापडी आडोसा करून ते तासन्‌तास बसत. आपण सुगरण म्हणतो आणि घरटे मादी विणते असे समजतो. त्यांच्या वहीत वेगळेच उतरले. घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की माद्या पाहायला येतात. एखादीला पसंत पडले तर ती त्यात राहते, नर ते पूर्ण करतो आणि दुसरे विणायला घेतो.

ही माहिती १९३१ साली छापून आली आणि त्यांचे नाव झाले. त्यानंतर त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. २० जून १९८७ रोजी ते वारले.

पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला अर्धे विणलेले घरटे दिसले, तर थोडे थांबा. तारीख आणि वेळ आधी लिहा.